हाओ शीफूंची अडतीस मिनिटं

६ जानेवारी, सोमवार

मॅनेजर फेंग तीन दिवसांचं शिबिर करून तैयुआनहून परत आले. शिबिराचा विषय होता, प्राचीन ज्ञानाच्या आधारे कमी कष्टात जास्त यश. येताना त्यांनी एक कापडी पट आणला आणि ऑफिसात कॅलेंडरच्या जागी टांगला. त्यावर दोनच अक्षरं आहेत: वू-वेइ, न करणं. कॅलेंडर आता माझ्या टेबलावर आहे.

मला बोलावून म्हणाले, आपण सगळे उगाच धडपडतो. यापुढे प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा, हे केलं नाही तर काय होईल? सुरुवात व्हिनेगरच्या रांजणांच्या आवारापासून. आवार हाओ शीफूंच्या ताब्यात आहे; शीफू म्हणजे उस्ताद. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं इथे, राहतातही आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत. त्यांचा करार चांद्रवर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे अठ्ठावीसला संपतो. "ते दिवसभर काय करतात हे माझ्या वडिलांनाही कधी सांगता आलं नाही. तू मोज, छोटी वेन. मिनिटांत लिही."

मी विचारलं, मोजून झाल्यावर काय?

"काहीच करत नसतील, तर ते आपल्यालाही जमेल."

हा विनोद होता की नाही, कळलं नाही. फेंगांच्या डोळ्यांखाली काळं झालंय. वडील गेल्यापासून ते रोज चार तास झोपतात असं चिआओ काकू म्हणतात. काकू खानावळ सांभाळतात आणि बाकीचंही बरंच त्यांना माहीत असतं.

इथे लिहून ठेवते: या मोजणीत मी तटस्थ नाही. गोठवणयंत्राचा प्रस्ताव माझा आहे. तो मंजूर झाला तर नव्या प्रयोगशाळेची प्रमुख मी होणार, आणि यंत्र बसेल ते शीफूंच्या आवारातच. ते गेले तर त्यांना मुलाकडे, तैयुआनला चौदाव्या मजल्यावर राहायला जावं लागेल.

७ जानेवारी, मंगळवार

लाबाचा सण, शेवटच्या चांद्र महिन्यातला. आज सोललेली लसूण व्हिनेगरमध्ये घालून बरणी बंद करायची, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती हिरवीगार होऊन निघते. शीफूंनीही घातली. एक बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, झाकण घट्ट लाव, कॉलेजवाली. तेवढ्या वेळात त्यांच्या शेगडीवरची राळ्याची पेज तळाला लागली. मला दारातूनच करपल्याचा वास आला. ते पाठमोरे, पातेल्यापासून हातभर अंतरावर, लसूण सोलत बसले होते. मी सांगितल्यावर पातेलं उतरवलं आणि करपलेली पेज दोन वाट्या खाल्ली. जेवणाच्या बाबतीत बेफिकीर दिसतात.

चाचणी ठरवली. सप्टेंबरच्या एकाच घाण्यातल्या व्हिनेगरचे तीस रांजण, आम्लता सगळीकडे सहा टक्के. अ गट, दहा रांजण, शीफूंच्या पद्धतीने. ब गट, दहा रांजण, फेंगांच्या आग्रहावरून: अजिबात हात लावायचा नाही. क गट, दहा रांजणांतलं व्हिनेगर माझ्या यंत्रातून. अ आणि क चं तत्त्व एकच. थंडीत आधी पाणी गोठतं, तो बर्फ काढून टाकला की उरलेलं व्हिनेगर दाट होतं. आग लागत नाही, पंप लागत नाही. चोवीस तारखेला तिन्ही गट तपासायचे.

९ जानेवारी, गुरुवार

पहाटे उणे अकरा. शीफू ६.५० ला आले, ७.२८ ला खोलीत परत गेले. अडतीस मिनिटं. नंतर दिवसभर दारात खुर्चीवर. दुपारी सूर्यफुलाच्या बिया.

त्या अडतीस मिनिटांत: प्रत्येक रांजणाजवळ जाऊन बांबूच्या दांड्याने बर्फावर एक टिचकी. आवाज ठस्स आला तर तसाच पुढे. खणखणीत आला तर झाऱ्याने बर्फ उचलून बाजूला. एका रांजणाला आठ सेकंद. आज फक्त तीन उचलले. मग विणलेला शंकूसारखा टोप कुठे पूर्ण, कुठे अर्धा ठेवायचा, कुठे काढायचा. हे कशावरून ठरतं ते कळत नाही, कारण त्याआधी प्रत्येक ठिकाणी ते मला विचारतात, "वास कसा आहे?"

मी सांगते. ते ऐकतात. टोप हलवतात आणि पुढे जातात.

ही शिकवण्याची जुनी पद्धत असावी. शिष्याला विचारायचं, उत्तर चूक की बरोबर ते सांगायचं नाही. मला ती वेळखाऊ वाटते, पण मिनिटं त्यातच धरली आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार

शीफूंनी काढलेल्या बर्फात आम्ल ०.५ टक्के. माझ्या यंत्राच्या बर्फात २.१. यंत्र भराभर गोठवतं, त्यामुळे बर्फात व्हिनेगर अडकतं. म्हणजे मी बर्फाबरोबर मालही फेकते आहे. वेग कमी करून पाहिला, १.८ वर आलं. त्याहून कमी होत नाही.

शीफूंना आकडा सांगितला. म्हणाले, "तुझं यंत्र घाईत असतं. कुठे गाडी पकडायचीय त्याला?"

१२ जानेवारी, रविवार

सकाळी नोंदवही घ्यायला गेले तर शीफूंच्या खोलीत निळसर धूर. शेगडीची नळी सांध्यातून निसटली होती. ते आत शांत बसून बूट शिवत होते. मी दार उघडलं, खिडकी उघडली, नळी बसवली. तेव्हा मान वर करून म्हणाले, आज ढग आहेत वाटतं. हातातल्या कामात एवढं बुडून जाणं मी कोणातच पाहिलेलं नाही. शिबिरात फेंगांना हेच शिकवलं असावं.

तरी काकूंना नळीवर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी परातीत पीठ ओतलं. मग म्हणाल्या, "पूर्वी रांजणात कानापर्यंत डोकं घालायचा तो. व्हिनेगर नाकातून यायचं. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनाच तो ताप आला ना, त्यानंतर वाकत नाही." मी विचारलं, पाठ दुखते का? काकू पीठ मळायला लागल्या.

१४ जानेवारी, मंगळवार

ब गटातला सातवा रांजण तडकला. न काढलेला बर्फ वाढत गेला आणि त्याने रांजणाला आडवी भेग पाडली. अर्धं व्हिनेगर जमिनीत. बाकी नऊ रांजणांत रात्री बर्फ धरतो आणि दुपारच्या उन्हात तिथेच विरघळतो. फायदा शून्य.

फेंग पाहायला आले. भेगेवर बोट फिरवत बराच वेळ उकिडवे बसून राहिले. "शिबिरात हे नाही सांगितलं," म्हणाले.

शीफू खुर्चीवरून म्हणाले, "फी परत माग."

१६ जानेवारी, गुरुवार

सात दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या. शीफूंचं रोजचं काम छत्तीस ते एक्केचाळीस मिनिटं, सरासरी अडतीस. आता माझ्या उत्तरांचा आणि त्यांच्या टोपांचा मेळही लागतो. मी "वर नाकात टोचतं" म्हटलं की टोप निघतो. "भाजलेल्या ज्वारीसारखा, गोल" म्हटलं की पूर्ण झाकण. "काहीच नाही, पाण्यासारखा" म्हटलं की अर्धा. वेगळी चाचणी न करता पद्धत सापडली. हे कागदावर चार पानांत बसेल.

उद्या आणि परवा तैयुआनला जायचं आहे, आम्लता मापकाची तपासणी. शीफूंना सांगितलं, दोन दिवस तुम्हीच नोंदी ठेवा. म्हणाले, मला कुठे लिहिता येतं तुझ्यासारखं. मी म्हटलं, टोप कसे ठेवलेत तेवढं लक्षात ठेवा. त्यांनी मान हलवली नाही.

१९ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी परतले. अ गटाचे दहाही टोप गुरुवारी होते तसेच. बर्फ काढलेला होता, पण टोपांना हात लावलेला नाही. कारण विचारलं. शीफू खुर्चीवर होते. म्हणाले, "कधी कधी काही न करणंच बरं." आणि मग, "तू लवकर आलीस ते बरं झालं."

मला हे महत्त्वाचं वाटलं. ब गटातही काही केलं नाही, पण ते सरसकट. इथे कोणत्या दिवशी हात आवरायचा हे ठरवून न करणं आहे. रकान्यात लिहिलं: १७ व १८ जानेवारी, हेतुपुरस्सर हस्तक्षेप नाही.

आज सकाळी मात्र अ-६ ला नखपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास आला. मी सांगितल्यावर शीफू जागच्या जागी थांबले. पहिल्यांदाच पुन्हा विचारलं. कडेला जास्त की मध्ये? कालपासूनचा वाटतो की आधीचा? मी नाक आत घालून सांगितलं, मध्ये कमी, कडेला जास्त. त्यांनी टोप काढून लांब ठेवला, बर्फाचा एक तुकडा पुन्हा वर ठेवला आणि म्हणाले, तीन दिवस उघडा राहू दे. "माझी चूक," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही तर काहीच केलं नाही.

ते म्हणाले, "तेच म्हणतोय."

२० जानेवारी, सोमवार

फेंग सकाळच्या फेरीला आले. शीफूंना विचारलं, यंदाचा वास कसा आहे, बाबांच्या वेळेसारखा? शीफूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, अ-२ आणि अ-९ गोल आहेत, अ-६ सुधारतोय. फेंग बराच वेळ आमच्या दोघांकडे पाहत होते. मला वाटलं नोंदवही हवी आहे म्हणून पुढे केली. ती त्यांनी उघडली नाही.

अ-६ चा वास आज निम्म्याने कमी.

२४ जानेवारी, शुक्रवार

निकाल. आम्लता: अ ७.३, ब ६.२, क ७.५. आकड्यात माझं यंत्र पुढे. पण दहा रांजणांतलं व्हिनेगर क गटात सहाच रांजण उरलं, अ गटात साडेसात. आणि नावं झाकून सहा जणांना चाखायला दिलं तेव्हा सहाही जणांनी अ पहिला ठेवला. क बद्दल काकू म्हणाल्या, हे आंबट आहे, पण कशाचं आंबट ते सांगत नाही. मीही न पाहता अ ला पहिला क्रमांक दिला.

यंत्र आत्ता नको असं लिहावं लागेल. वाईट वाटलं, पण आकडे माझेच आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

अहवालाचा मसुदा फेंगांना दाखवला. शीफूंची पद्धत चार पानांत, कोष्टकासह: टिचकीचा आवाज, बर्फाची जाडी, वास, टोप. फेंग दोनदा वाचून खूश झाले. चाळीस वर्षांचं काम चार पानांत, रोज अडतीस मिनिटं, कोणीही करू शकेल. हेच तर शिबिरात सांगत होते. मग म्हणाले, म्हणजे शीफूंना आता आराम देता येईल. अठ्ठावीसला दुपारी सही करू.

मी हे लिहिलेलं नव्हतं. पण माझ्या चार पानांतून तेच निघतं. तपासून पाहिलं, तर्कात चूक नाही.

२६ जानेवारी, रविवार

पानं बरोबर आहेत का ते एकदा स्वतः करून पाहायचं ठरवलं. ६.०० ला, शीफूंच्या आधी जाऊन, कोष्टकाप्रमाणे दहाही टोप ठेवले. पन्नास मिनिटं लागली.

शीफू आले. पहिल्या रांजणापाशी उभे राहिले आणि विचारलं, वास कसा आहे. मी दहाही सांगितले. त्यांनी चार टोप बदलले. अ-३ मी गोल म्हणून झाकला होता. त्यांनी तो उघडला. विचारलं, का? म्हणाले, कालही तू गोलच म्हणालीस, परवाही. तीन दिवस गोल राहिलेला झोपायला लागतो. अ-८ चं कारण वाऱ्याची दिशा. बाकी दोन रांजणांचं कारण त्यांनाही सांगता आलं नाही. "असाच एक होता, तू जन्मायच्या आधी," एवढंच.

दहात चार चुका. म्हणजे पानं अपुरी आहेत. अजून पानं लिहावी लागतील. किती, ते सांगता येत नाही.

एक गोष्ट समजत नाही. मी चूक केली हे त्यांना वास सांगितल्यावरच कळलं. त्याआधी ते रांजणाजवळ उभे होते, टोप हातभर अंतरावर होते.

२८ जानेवारी, मंगळवार

वर्षाचा शेवटचा दिवस. कामगार दुपारपर्यंत घरी जाणार, म्हणून काकूंनी जेवण अकराला ठेवलं. शीफूंच्या खोलीतच डंपलिंग भरायला बसलो. शीफू, काकू आणि मी. शीफू माझ्याकडे पाठ करून सारण भरत होते. डंपलिंगच्या कडा मी बारा घड्यांच्या करते आणि ते सात घड्यांच्या. म्हणाले, तू डंपलिंगलाही परीक्षेला बसवतेस.

लाबाची बरणी खिडकीत होती. मी झाकण उघडलं. एकवीस दिवसांची लसूण, पाचूसारखी हिरवी. वास एकदम खोलीभर झाला. काकू दोनदा शिंकल्या आणि बाहीने डोळे पुसू लागल्या. बरणी शीफूंच्या खांद्यामागे, फार तर दीड हातावर.

ते तसेच पाठमोरे म्हणाले, "लसूण उघडा की आता, कसली वाट पाहताय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकण पुन्हा लावलं आणि मोठा आवाज होईल असं उघडलं. म्हटलं, "उघडली, शीफू."

"हिरवी झालीय?"

"पूर्ण."

नंतर माझ्या खोलीत येऊन नोंदवही काढली. ७ जानेवारी, पेज. १२ जानेवारी, धूर. १७ आणि १८, टोप. "हेतुपुरस्सर हस्तक्षेप नाही" हे वाक्य खोडलं. त्या दोन दिवसांत ते रोज सकाळी दहा रांजणांसमोर उभे राहिले असतील आणि टोप हातात घेऊन पुन्हा ठेवला असेल. त्याला मी तत्त्वज्ञान म्हटलं होतं.

चाचणीतली चूक माझी आहे. अ गटात शीफूंची पद्धत मोजायची होती. मी त्यात मोजणारी म्हणून उभी होते आणि प्रत्यक्षात अर्धं काम मीच करत होते. दुसरं अर्धं मला येत नाही, दहात चार चुका. त्यांच्याकडे नाक नाही, माझ्याकडे चाळीस वर्षं नाहीत.

पुन्हा लिहिलं. चार पानं काढून टाकली, एकच पान राहिलं.
काम: रांजणांची देखभाल. वेळ: रोज अडतीस मिनिटं. किमान माणसं: दोन. यापेक्षा कमी करता येत नाही. पहिला माणूस: हाओ शीफू. दुसरा: वेन. कारण हा रकाना रिकामा ठेवला. खोटं काही सुचलं नाही आणि खरं लिहायचं नव्हतं.

दोन वाजता फेंगांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. बोट किमान माणसं या ओळीवर थांबलं, मग रिकाम्या रकान्यावर. त्यांच्या मागे तो पट होता. मी उत्तर तयार ठेवलं होतं: अ-३, अ-८, दहात चार चुका, म्हणून शीफू हवेत. तुझी प्रयोगशाळा? एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यंत्राचा बर्फ १.८ च्या खाली येईपर्यंत थांबता येईल.

त्यांनी तीन वर्षांच्या करारावर सही केली. रकान्याबद्दल विचारलं नाही. मी निघताना शीफूंसाठी एक पाकीट दिलं, आत कोळशाच्या धुरावर वाजणारी घंटी होती, बाजारातून आणलेली, किमतीची चिठ्ठीही तशीच. चिठ्ठीवरची तारीख सोमवारची होती. माझा अहवाल आजचा. हे जुळत नाही.

त्यांनी का विचारलं नाही, ते मला कळलेलं नाही. प्रश्न साहजिक होता.

२९ जानेवारी, बुधवार

नवं वर्ष. उणे आठ. गावात सकाळपासून फटाके. आईला फोन करून सांगितलं की या वर्षी येत नाही, आवाराला सुट्टी नसते. आई म्हणाली, तिथे करतेस काय एवढं? मी म्हटलं, अडतीस मिनिटं.

६.५० ला आवारात गेले. शीफू अ-१ जवळ उभे होते, टोप हातात. नवे बूट घातले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांनी विचारायच्या आधीच मी वाकले.

"एक. वर टोचतं. खाली भाजलेली ज्वारी. कालच्यापेक्षा हलका."

त्यांनी टोप दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "मी विचारलं कुठे अजून?"

"नाही विचारलंत."

त्यांनी टोप रांजणावर अर्धा ठेवला, हाताने जरा सरकवला, आणि दुसऱ्या रांजणाजवळ जाऊन बर्फावर टिचकी मारली. आवाज खणखणीत होता. झारा माझ्या हातात दिला.

"उचल," म्हणाले, "आणि सांगत राहा."